व्हीएमचं नेटवर्क कार्ड निवडताना: वेग मोजा, त्याची किंमतही मोजा

व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्या वाचकांकडून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शब्द बदलतात, गोंधळ तोच असतो.

- ‘व्हीएममध्ये कार्ड १ गिगाबिटचं दिसतं. मग फाइल इतकी रडतखडत का जाते?’
- ‘कार्ड १ गिगाबिटचं, आणि चाचणीत आकडा त्याहून जास्त आला. माझं मोजणं चुकलं का?’
- ‘सगळे सांगतात म्हणून व्हर्टआयओ लावलं. आकडा होता तेवढाच. मग एवढा खटाटोप कशासाठी?’

तिन्ही प्रश्न विचारणाऱ्यांनी मोजणी मनापासून केलेली असते. घोळ होतो तो काय मोजायचं यात. म्हणून या लेखाचं सार आधीच सांगतो. नेटवर्कचा वेग हा निम्मा हिशेब आहे. तो वेग मिळवताना होस्टचा किती सीपीयू खर्ची पडला, हा उरलेला निम्मा. दोन्ही रकाने भरल्याशिवाय दोन कार्डांची तुलना पूर्ण होत नाही.

हा लेख कॉलेजच्या लॅबमध्ये व्हीएम चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, छोट्या ऑफिसात एकाच सर्व्हरवर चार-पाच व्हीएम सांभाळणाऱ्यांसाठी आहे, आणि भाड्याने व्हीपीएस घेणाऱ्यांसाठीही आहे.

आधी फरक, निर्णयापुरता

इम्युलेटेड कार्ड म्हणजे कधीकाळी बाजारात मिळणाऱ्या खऱ्या कार्डाची सॉफ्टवेअरमध्ये केलेली नक्कल. क्यूएमयू या इम्युलेटरमधलं ‘ई१०००’ ही इंटेलच्या ८२५४०ईएम चिपची नक्कल आहे, ‘ई१०००ई’ ही ८२५७४एलची, आणि ‘आरटीएल८१३९’ ही रिअलटेकच्या जुन्या १०० मेगाबिट चिपची. गेस्टमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला समोर खरंच ते कार्ड आहे असं वाटतं आणि तिचा नेहमीचा ड्रायव्हर चालून जातो. या कार्डांचा सगळ्यात मोठा गुण हाच.

पॅराव्हर्च्युअल कार्ड कुठल्याही खऱ्या चिपची नक्कल करत नाही. पलीकडे हायपरव्हायजर आहे हे गेस्टमधल्या ड्रायव्हरला माहीत असतं, आणि दोघं आपसात ठरलेल्या सोप्या पद्धतीने देवाणघेवाण करतात. लिनक्स आणि केव्हीएमच्या जगात याचं नाव व्हर्टआयओ-नेट. रस्टी रसेल यांनी मांडलेली व्हर्टआयओ पद्धत जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ पासून कर्नेलमध्ये आहे. २०१६ मध्ये व्हर्टआयओ १.० हे ओएसिस या संस्थेचं अधिकृत मानक झालं. व्हीएमवेअरकडे याच जातीचं व्हीएमएक्सनेट३ आहे, हायपर-व्हीकडे सिंथेटिक कार्ड आणि झेनकडे नेटफ्रंट-नेटबॅकची जोडी.

मग वेगात फरक कशामुळे पडतो? खऱ्या मशीनवर कार्डाच्या रजिस्टरमध्ये काही लिहिणं स्वस्त असतं. व्हीएममध्ये तेच केलं की गेस्ट थांबतो, ताबा हायपरव्हायजरकडे जातो, खरं कार्ड अशा वेळी कसं वागलं असतं हे तो ठरवतो आणि मग ताबा परत देतो. याला व्हीएम एक्झिट म्हणतात. ई१००० वर ‘पॅकेट तयार आहे’ हे सांगायला एक फेरी, इंटरप्ट कशामुळे आला हे वाचायला दुसरी, तो पुन्हा चालू करायला आणखी एक.

कचेरीतला एक कारकून डोळ्यांपुढे आणा. सहीचा प्रत्येक कागद घेऊन तो स्वतंत्रपणे साहेबांच्या केबिनमध्ये जातो, सही होईपर्यंत उभा राहतो आणि परत येतो. हे झालं इम्युलेटेड कार्ड. पॅराव्हर्च्युअल पद्धतीत दोघांच्या हाताशी एक ट्रे असतो. कारकून कागद त्यात टाकत जातो आणि एकदाच घंटी वाजवतो. साहेब आधीच ट्रे उपसत बसले असतील, तर घंटीचीही गरज नसते. तो ट्रे म्हणजे गेस्ट आणि होस्ट दोघांनाही दिसणारी मेमरीतली रिंग.

आणखी दोन कारणं लक्षात ठेवा, निकाल वाचताना ती उपयोगी पडतील.

- मोठे गठ्ठे: व्हर्टआयओवर गेस्ट ६४ केबीपर्यंतचा डेटा एकगठ्ठा होस्टच्या हवाली करू शकतो. साध्या इथरनेटवर त्याची सुमारे ४५ पॅकेट होतात. क्यूएमयूचं ई१००० असा गठ्ठा गेस्टकडून घेतं खरं, पण तो तिथेच सॉफ्टवेअरमध्ये फोडतं आणि ती सगळी पॅकेट एकेक करून पुढे ढकलतं.
- जवळचा रस्ता: २०१० मध्ये लिनक्स २.६.३४ बरोबर व्हीहोस्ट-नेट आलं. तेव्हापासून व्हर्टआयओचा डेटा क्यूएमयूला वळसा घालून थेट होस्टच्या कर्नेलमधून जाऊ शकतो. ई१००० ला ही सोय नाही, त्याचं प्रत्येक पॅकेट क्यूएमयूच्या हातून जातं.

म्हणजे सगळा खेळ फेऱ्यांचा आहे. २०१३ मध्ये इटलीतल्या पिसा विद्यापीठाचे लुईजी रिझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करूनही दाखवलं. ई१००० च्या नकलेत मोजके बदल करून फेऱ्या कमी केल्या, तेव्हा तेच कार्ड कितीतरी पटींनी पळालं. कार्डाच्या नावाला भुलू नका, फेऱ्या मोजा.

पायरी १: तुमच्याकडे कोणतं कार्ड आहे ते ओळखा

अनेकांना आपली व्हीएम कोणत्या कार्डावर चालते हेच माहीत नसतं, कारण व्हीएम तयार करताना तो रकाना न बघता पुढे गेलेले असतात.

- लिनक्स गेस्ट: इथटूलला ‘डॅश आय’ हा पर्याय आणि इंटरफेसचं नाव द्या. ड्रायव्हरच्या ओळीत ई१०००, ई१०००ई किंवा ८१३९सीपी दिसलं तर कार्ड इम्युलेटेड आहे. व्हर्टआयओ-नेट, व्हीएमएक्सनेट३ किंवा एचव्ही-नेटव्हीएससी दिसलं तर ते पॅराव्हर्च्युअल.
- विंडोज गेस्ट: डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा. ‘इंटेल प्रो/१०००’ असं नाव दिसलं तर बहुधा इम्युलेटेड. ‘रेड हॅट व्हर्टआयओ’, ‘व्हीएमएक्सनेट३’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट हायपर-व्ही नेटवर्क अडॅप्टर’ असेल तर पॅराव्हर्च्युअल.
- हायपरव्हायजरच्या सेटिंगमध्ये: प्रॉक्समॉक्समध्ये हार्डवेअरच्या यादीत कार्डाचं मॉडेल दिसतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कच्या प्रगत पर्यायांत ‘अडॅप्टर टाइप’ पाहा.

याच वेळी दिसणाऱ्या वेगावरचा विश्वास सोडून द्या. ई१००० समोर लिहिलेलं ‘१००० मेगाबिट’ हे मूळ चिपचं लेबल आहे. नकलेला त्या वेगाचा लगाम नसतो. म्हणून एकाच होस्टवरच्या दोन व्हीएममध्ये ई१००० कधी गिगाबिटच्या पुढेही जातं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं: तुमचं मोजणं चुकलेलं नाही. उलट लिनक्समध्ये व्हर्टआयओपुढे बऱ्याचदा वेग ‘अज्ञात’ दिसतो, त्यानेही घाबरू नका. आणि गिगाबिटचं लेबल मिरवणारं कार्ड रखडलं तर लेबलाला दोष देऊ नका. पहिल्या प्रश्नातली फाइल बहुतेक वेळा फेऱ्यांमध्ये, डिस्कवर किंवा चुकीच्या रस्त्यावर अडकलेली असते. ती कुठे अडकली हे पुढच्या पायऱ्यांत सापडेल.

पायरी २: एका वेळी एकच गोष्ट बदला

तुलना दोन कार्डांची करायची आहे, दोन व्हीएमची नाही. म्हणून:

- एकच व्हीएम घ्या, ती बंद करा, फक्त कार्डाचं मॉडेल बदला आणि पुन्हा सुरू करा.
- व्हीसीपीयूची संख्या, मेमरी, ब्रिज, एमटीयू आणि मॅक ॲड्रेस तसाच ठेवा.
- होस्टवरच्या बाकीच्या व्हीएम शक्यतो थांबवा. ते जमत नसेल तर दोन्ही चाचण्यांच्या वेळी त्यांच्यावर सारखाच भार असेल असं बघा.
- होस्टचा सीपीयू वीजबचतीच्या मोडमध्ये असेल तर चाचणीपुरता पूर्ण कार्यक्षमतेच्या मोडवर ठेवा. नाहीतर सीपीयूचा वेग मध्येच वरखाली होतो आणि दोष कार्डाच्या माथी येतो.
- बदल करण्याआधी स्नॅपशॉट किंवा बॅकअप घ्या. कामाच्या व्हीएमवर प्रयोग करायचाच असेल तर ऑफिस सुटल्यावर करा.

पायरी ३: रस्ता ठरवा

पॅकेट कुठून कुठे जाणार यावर निकाल अवलंबून असतो. रस्ते तीन आहेत आणि प्रत्येक वेगळी गोष्ट सांगतो.

1. व्हीएम ते होस्ट: मध्ये तार नाही. कार्डाच्या पद्धतीतला फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.
2. एकाच होस्टवरच्या दोन व्हीएम: वेबसर्व्हर आणि डेटाबेस एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांसाठी हीच खरी चाचणी. इथे मोठे गठ्ठे न फुटता एका व्हीएममधून दुसरीत जातात, म्हणून पॅराव्हर्च्युअल कार्ड फार पुढे निघून जातं.
3. व्हीएम ते दुसरं खरं मशीन: बाहेरच्या लोकांना सेवा देणाऱ्यांसाठी हा रस्ता. इथे तार आणि स्विच मर्यादा घालतात. गिगाबिटच्या तारेवर टीसीपीचा प्रत्यक्ष डेटा सेकंदाला सुमारे ९४० मेगाबिटच्या वर जात नाही, कारण उरलेली जागा हेडर आणि फ्रेममधल्या अंतराने व्यापलेली असते.

तुमचं रोजचं काम ज्या रस्त्यावरून चालतं, त्या रस्त्यावरच्या निकालाला जास्त वजन द्या.

पायरी ४: चार आकडे घ्या

*पहिला: टीसीपीचा वेग, दोन्ही दिशांनी.* आयपर्फ३ हे सोपं साधन आहे. एका टोकाला ते सर्व्हर म्हणून चालवा, दुसऱ्या टोकाला क्लायंट. चाचणी निदान ३० सेकंदांची ठेवा आणि सुरुवातीचे ३ सेकंद ‘डॅश कॅपिटल ओ’ देऊन वगळा, कारण तेवढ्या वेळात टीसीपी आपला वेग चाचपत असतं. मग ‘डॅश कॅपिटल आर’ देऊन उलट दिशेने मोजा. पाठवणं आणि घेणं यांचा खर्च वेगवेगळा असतो, एका दिशेवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

*दुसरा: लहान पॅकेटची झेप.* गिगाबिटच्या तारेवरून पूर्ण आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे ८१ हजार जातात, पण सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. फेऱ्यांचा भार पॅकेटच्या संख्येवर पडतो, त्यामुळे इम्युलेटेड कार्डाची दमछाक इथे लगेच कळते. डीएनएस, इंटरनेटवरचे फोन कॉल आणि डेटाबेसच्या छोट्या क्वेरी चालवणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये. यूडीपीवर छोट्या आकाराची पॅकेट पाठवा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचली ते पाहा.

*तिसरा: येण्याजाण्याचा वेळ.* नेटपर्फमधली टीसीपी-आरआर चाचणी एक छोटी विनंती पाठवते, उत्तराची वाट पाहते आणि मगच पुढची पाठवते. सेकंदाला अशा किती उलाढाली झाल्या हे ती सांगते. पिंग ढोबळ अंदाजाला चालतो, निर्णयाला नाही.

*चौथा: होस्टचा सीपीयू.* हा आकडा बहुतेक जण घेतच नाहीत, आणि निर्णय नेमका त्यावरच ठरतो. चाचणी चालू असताना होस्टवर एमपीस्टॅट किंवा टॉप उघडा. टॉपमध्ये कॅपिटल एच दाबलं की थ्रेड वेगवेगळे दिसतात. ई१००० असताना क्यूएमयूचे थ्रेड वर चढलेले दिसतील. व्हर्टआयओ असताना ‘व्हीहोस्ट’ नावाने सुरू होणारा थ्रेड दिसेल. या सगळ्यांची बेरीज घ्या. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर यासाठी ईएसएक्सटॉप आहे. हायपर-व्हीमध्ये होस्टचा टास्क मॅनेजर व्हीएमचा सगळा भार दाखवत नाही, तिथे परफॉर्मन्स मॉनिटरमधले हायपरव्हायजरचे काउंटर पाहा.

प्रत्येक चाचणी पाच वेळा करा, तीही आलटून पालटून: ई१०००, व्हर्टआयओ, पुन्हा ई१०००, पुन्हा व्हर्टआयओ. सगळे ई१००० सकाळी आणि सगळे व्हर्टआयओ दुपारी मोजले, तर तुम्ही सकाळ आणि दुपारची तुलना केलेली असते. पाच आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि मधला धरा.

पायरी ५: निकाल वाचा

सांगलीतल्या एका छोट्या ऑफिसच्या सर्व्हरपुढे मी एका रात्री बसलो होतो. फाइल सर्व्हरची व्हीएम रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर पाठवत होती आणि तेवढा वेळ हिशेबाच्या सॉफ्टवेअरची शेजारची व्हीएम गुदमरायची. व्हाउचर सेव्ह केलं की स्क्रीन गोठून बसायची. नेटवर्कच्या आलेखावर रेष गिगाबिटच्या मर्यादेला टेकून सरळ चालली होती, म्हणून नेटवर्क ठीक आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. टॉप उघडलं तेव्हा क्यूएमयूची एकच प्रोसेस एका कोअरहून जास्त सीपीयू खात बसलेली दिसली. कार्ड ई१००० होतं. व्हर्टआयओ लावल्यावर आलेखावरची रेष तिथेच राहिली, एक तसूभरही वर गेली नाही. पण टॉपमधला तो आकडा खाली आला आणि शेजारच्या व्हीएममधलं व्हाउचर झटकन सेव्ह झालं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तार भरलेली असेल तर दोन्ही कार्डांचा वेग सारखाच येणार, फरक खर्चात दिसणार. म्हणून आकडे असे मांडा: दर गिगाबिटमागे किती सीपीयू? समजा, एका कार्डाने ९४० मेगाबिटसाठी एका कोअरचे ९० टक्के घेतले आणि दुसऱ्याने तेवढ्याच वेगासाठी ३० टक्के. वेग सारखा असला तरी दुसरं कार्ड तिप्पट स्वस्त पडलं. सर्व्हरवर पाच व्हीएम असतील तर ही बचत सगळ्यांच्याच कामी येते.

निकालावरून निर्णय असा घ्या:

- वेग सारखा, सीपीयू कमी: पॅराव्हर्च्युअल ठेवा. फायदा शेजारच्या व्हीएमना होईल.
- वेग जास्त, सीपीयूही जास्त: घाबरू नका. जास्त काम झालं म्हणून जास्त खर्च झाला. दर गिगाबिटचा भाव काढा.
- दोन्ही कार्डांवर वेग सारखाच आणि कमी: अडथळा कार्डात नाही. रस्ता, डिस्क किंवा स्विच तपासा.
- पॅराव्हर्च्युअल कार्ड हळू: असं क्वचित होतं आणि बहुतेक वेळा चूक मांडणीत असते. पुढची यादी वाचा.

हमखास होणाऱ्या चुका

- फाइल कॉपी करून मोजणं. त्यात डिस्क, कॅश आणि अँटिव्हायरस सगळ्यांचा वेळ मिसळतो. आयपर्फ३ डेटा मेमरीतून पाठवतं, म्हणून फक्त नेटवर्कच मोजलं जातं.
- यूजर-मोड नेटवर्कवर तुलना. क्यूएमयूला नेटवर्कबद्दल काहीच सांगितलं नाही तर ते स्वतःच पूर्ण टीसीपी-आयपी सांभाळत डेटा पुढे पाठवतं. ही सोय सुटसुटीत आहे पण संथ आहे. त्यापुढे कोणतंही कार्ड लावा, आकडा वर जात नाही. टॅप आणि ब्रिज लावा, मगच मोजा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटऐवजीही ब्रिज घ्या.
- यूडीपीचा १ मेगाबिट. आयपर्फ३ ला यूडीपी सांगून वेग सांगितला नाही तर ते ठरल्याप्रमाणे सेकंदाला १ मेगाबिटच पाठवतं. हा आकडा पाहून अनेकांनी चांगली कार्डं बदलली आहेत. ‘डॅश बी’ देऊन वेग स्वतः सांगा.
- एकच प्रवाह. ३.१६ च्या आधीचं आयपर्फ३ कितीही प्रवाह सांगितले तरी एकाच थ्रेडवर चालतं. मोठ्या वेगाला तो थ्रेडच अडथळा होतो. नवी आवृत्ती घ्या आणि ‘डॅश कॅपिटल पी ४’ देऊनही मोजा.
- रांग एकच ठेवणं. व्हर्टआयओला मल्टिक्यूची सोय आहे. चार व्हीसीपीयूच्या व्हीएमला चार रांगा दिल्या की भार वाटला जातो. प्रॉक्समॉक्समध्ये कार्डाच्या प्रगत पर्यायांत हा रकाना आहे. गेस्टमध्ये इथटूलच्या ‘डॅश एल’ने रांगा खरंच चालू झाल्या का ते पाहा.
- सीपीयू गेस्टमध्येच पाहणं. व्हीहोस्ट आणि क्यूएमयूचा खर्च गेस्टच्या आतून दिसत नाही. खर्च होस्टवरच मोजा.
- विंडोजवर लिनक्सचंच साधन. विंडोज गेस्टसाठी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एनटीटीटीसीपी आहे. निदान एकदा त्यानेही पडताळा.
- फायरवॉलच्या व्हीएमकडे दुर्लक्ष. पीएफसेन्ससारखी फ्रीबीएसडीवरची फायरवॉल व्हर्टआयओवर चालवली की कधी कधी पिंग जातो पण वेबपेज उघडत नाही. तिच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करा आणि व्हीएम पुन्हा सुरू करा.

कोणी काय निवडावं

- रोजच्या कामाची लिनक्स किंवा विंडोज व्हीएम: केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओ, व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३, हायपर-व्हीवर सिंथेटिक कार्ड. हायपर-व्हीच्या दुसऱ्या पिढीच्या व्हीएममध्ये जुनं लेगसी कार्ड दिलेलंच नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही.
- व्हर्च्युअलबॉक्समध्ये शिकणारे: इंटेल प्रो/१००० ठेवलं तरी शिकायला अडत नाही. दोन व्हीएममध्ये मोठा डेटा फिरवायचा असेल तर व्हर्टआयओ घ्या. विंडोज गेस्टसाठी ड्रायव्हर वेगळा घालावा लागेल.
- जुनी ऑपरेटिंग सिस्टिम: विंडोज ९८ वर अडकलेलं एखादं कारखान्यातलं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर इम्युलेटेड कार्डच तुमचा आधार. तिच्यासोबत ज्याचा ड्रायव्हर येतो ते कार्ड निवडा आणि वेगाची अपेक्षा ठेवू नका.
- ड्रायव्हर लिहायला शिकणारे: मुद्दाम ई१००० घ्या. एमआयटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी क्यूएमयूच्या ई१००० साठीच ड्रायव्हर लिहितात. इंटेलचं मॅन्युअल समोर ठेवून शिकता येतं, ही नकलेची मोठी देणगी आहे.
- १० गिगाबिट आणि त्यापुढची गरज: आधी मल्टिक्यूसह व्हर्टआयओ मोजा. तेही कमी पडलं तरच एसआर-आयओव्हीकडे वळा. त्यात खऱ्या कार्डाचा एक भाग थेट व्हीएमला देतात. वेग मिळतो, पण चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं अवघड होऊन बसतं.

सुरक्षेचाही विचार करा. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ई१००० नकलेतली त्रुटी उघड झाली. तिच्यातून गेस्टमधला माणूस होस्टपर्यंत पोचू शकत होता. २०१९ मध्ये व्हीहोस्टमध्येही गंभीर त्रुटी सापडली. कोणतंही कार्ड निवडा, होस्ट वेळच्या वेळी अपडेट करा आणि न लागणारी कार्डं व्हीएममधून काढून टाका.

कार्ड बदलताना

लिनक्स गेस्टमध्ये ड्रायव्हर बहुधा आधीच असतो. धोका असतो तो इंटरफेसच्या नावाचा. कार्ड बदललं की नाव बदलू शकतं, जुन्या नावाने लिहिलेलं सेटिंग निरुपयोगी होतं आणि व्हीएम नेटवर्कवरून गायब होते. दूर बसून बदल करत असाल तर आधी हायपरव्हायजरचा कन्सोल उघडता येतो याची खात्री करा.

विंडोज गेस्टसाठी हा क्रम पाळा:

1. आयपी ॲड्रेस, गेटवे आणि डीएनएस कागदावर लिहून घ्या.
2. जुनं कार्ड राहू द्या आणि व्हर्टआयओचं दुसरं कार्ड जोडा.
3. व्हर्टआयओ-विन आयएसओमधला नेटकेव्हीएम ड्रायव्हर घाला. व्हीएमवेअरवर व्हीएमवेअर टूल्स घाला.
4. नवं कार्ड ओळखलं गेलं की व्हीएम बंद करा, तात्पुरतं कार्ड काढा आणि मूळ कार्डाचं मॉडेल बदला. मॅक ॲड्रेस तोच ठेवा. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅकला बांधलेलं असतं.
5. ‘हा आयपी दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे’ असा इशारा आला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइस दाखवा आणि जुनं कार्ड तिथून काढून टाका.

तुमचे हक्क आणि मर्यादा

- भाड्याची व्हीएम असेल तर कार्ड कोणतं आहे आणि वेगावर मर्यादा किती घातली आहे, हे पुरवठादाराला लेखी विचारा. पैसे तुम्ही मोजता, उत्तर मागण्यात संकोच नको. मर्यादा घातलेली असेल तर कार्ड बदलून वेग वाढणार नाही.
- मोजणी स्वतःच्या दोन मशीनमध्येच करा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय पॅकेटचा मारा करू नका. ऑफिसचं नेटवर्क वापरायचं असेल तर आधी कळवा.
- क्लाउडवर बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल लागू शकतं. ३० सेकंदांची एक गिगाबिट चाचणी साडेतीन जीबीहून जास्त डेटा पाठवते. पाच फेऱ्या आणि दोन दिशा धरून आधीच हिशेब करा.
- लिनक्समधला व्हर्टआयओ ड्रायव्हर खुला आहे, विंडोजसाठीचाही विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा.
- व्यावसायिक हायपरव्हायजरच्या करारात मोजणीचे निकाल जाहीर करण्यावर अटी असू शकतात. निकाल छापण्याआधी करार वाचा.

एक वही ठेवा

शेवटी एक मनापासूनची विनंती. एका वहीत किंवा शीटमध्ये सात रकाने आखा: तारीख, रस्ता, कार्ड, टीसीपीचा वेग, लहान पॅकेट, येण्याजाण्याच्या उलाढाली आणि होस्टचा सीपीयू. खाली होस्टच्या कर्नेलची आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहा. पुढच्या वर्षी सर्व्हर अपडेट केल्यावर ‘व्हीएम हळू झाली’ अशी तक्रार आली, की हेच पान उघडा आणि त्याच रस्त्यावर त्याच चाचण्या पुन्हा करा. कोणता आकडा हलला हे दिसलं की दुरुस्ती कुठे करायची तेही दिसतं.